बारा नंबरची काठी

मेहकर बसस्टँडवरच्या रांगेत रेवतीच्या मागे एक बहीणभाऊ बोलत होते. त्यांच्या मधोमध गळाच्या काठीचं लांब नळकांडं उभं होतं.

"कोकिळाताई, म्या आणलेली आठ नंबरचीच घेतली ना? समुद्रात गळाले पिसाची खोटी माशी लावून फेकाले हलकीच बरी."

"अंदमानचा मासा हलका नसते, हर्षल."

"बारा नंबरची फिरवून तुहा खांदा भरून येते."

"येऊ दे. रोज वावराच्या धुऱ्यावर फिरवून राह्यली मी."

"पण आठची मोडंल, हे कशावरून?"

"काल तिची दोरी वासराच्या दाव्याले बांधली अन् काठी धरून त्याले सरकीची ढेप दाखवली."

"मंग?"

"वासरू ढेपेपाशी पोचलं."

"अन् माही काठी?"

"नळकांडं नीट धर, बस आली. बाराची हाये आत."