आईनं चादरीत गुंडाळलेला एसी

आमच्या आईचं काय सांगू तुम्हाला! सोलापूरचं ऊन तिला सोसवेना, म्हणून गेल्या उन्हाळ्यात तिच्या खोलीत एसी बसवला आणि मी पुण्याला परतलो. परवा घरी जाऊन लावला, तर नुसता कुबट वास. मेकॅनिकनं उघडला, आत काळी बुरशी!

"मावशी, हे कशानं झालं?"

"जाळी धुऊन लगीच बसवली आन् धूळ जाऊ नये म्हणून वर चादर गुंडाळली की."

"मग लावत नव्हता?"

"एकटीला कशाला? ह्यो आला की लावायचा."

साफ करून तो म्हणाला, "जाळी वाळवून बसवा आणि रोज थोडा वेळ लावत जा. मग बुरशी धरत नाही."

आई माझ्याकडं वळली. "म्हंजी आता तुला रोज यावं लागतंय की रं!"