उंदीर झोपलेत

बसा, बसा, पण आधी हे सांगा — माझा पत्ता कुणी दिला? नौदलानं? आणि नौदलाला एवढ्या वर्षांनी त्या पाणबुडीचा पुळका का आला? इतिहास लिहिताय. लिहा की. एकोणीसशे चार साली पाण्यात उतरली, बारा साली मोडीत गेली, मधे या गॉस्पोर्टच्या बंदरात बुडाली आणि वर आली — झाला इतिहास. मग माझ्याकडे कशाला? पेन खाली ठेवा आधी.

उंदरांचं कुणी सांगितलं तुम्हाला? अहो, सगळ्याच बोटींवर असायचे, पांढरे, पिंजऱ्यात. पेट्रोलची वाफ साठली की माणसाला कळायच्या आधी ते चीं चीं करायचे, मग आम्ही वर पळायचो. माझ्याकडेच होते, हो. लाड सगळ्यांनी केले — कुणी पाव, कुणी चीज, ट्रिग तर डब्यातलं दूध पाजायचा. खाऊन खाऊन असे फुगले की दिवसभर पसरलेले. त्यात माझा काय दोष?

ट्रिगचं नाव मी नाही घेतलं. घेतलं? — बरं, घेतलं. इंजिनवरचा फिटर. पिऊन कामावर आला आणि खाली पडून मेला, असंच आहे ना तुमच्या कागदात? मग झालं तर. झोकांड्या खात होता, बरळत होता, सगळ्यांनी पाहिलं. — असे बघू नका माझ्याकडे! पेट्रोलच्या वाफेनंही माणूस तसाच झिंगतो, ठाऊक आहे मला. त्यानं खालून विचारलं होतं, "काय रे, उंदीर बरे आहेत ना?" मी पिंजऱ्याकडे लांबूनच बघून म्हटलं, "झोपलेत." रोजच झोपायचे हो! त्याला वर काढल्यावर पिंजऱ्यात हात घातला, तर दोन्ही गार. दिले समुद्रात फेकून, आणि शेजारच्या बोटीवरचे दोन आणून ठेवले. चौकशीवाल्यांनी पाहिलं — उंदीर टुणटुणीत, म्हणजे वाफ नव्हती, म्हणजे दारू. दारू मी नाही म्हटलं, साहेब. मी फक्त गप्प बसलो. त्या माणसानं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता.

कुणाला सांगणार? त्याच्या बायकोला? एडाला? दोन वर्षांनी तिच्याशी लग्न केलं मी. अजून घरात बाटली येऊ देत नाही, म्हणते एक नवरा त्यात गेला. आणि मी मान डोलावतो. लाज वाटते हो, रोज वाटते —

थांबा. फाटक वाजलं. बाजारातून आली ती. वही खिशात घाला, आणि तिच्यासमोर एक अक्षर काढू नका. ये गं एडा — छे, चहा नको त्यांना, हे निघालेच आहेत.