काळी कुंडी

१९७८. सीताबर्डीवर कोराडीच्या बसची रांग. माझ्यापुढे एक मावशी आणि तिची लग्न झालेली भाची.

“महिला मंडळात शिकवलं वं मावशी. जुनी रेकॉर्ड तव्यावर ऊन करायची, नरम झाली का गंज पालथा घालून त्याच्या बुडावर दाबायची. कुंडी होते. पाण्याले भोक आयतंच राहते.”

“मंग?”

“कपाटात एक भेटली. वर नाव नाही, कोरी पांढरी चकती. मले वाटलं खराब असन.”

“कोणाची होती?”

“ह्यायच्या बॅन्डची.”

“लग्नातला बॅन्ड?”

“नाही वं, गिटारवाला. मुंबईले जाऊन गाणं भरलं होतं. कंपनीनं नमुन्याची एकच देली, मंग छापलीच नाही.”

“गात कोण होतं त्यात?”

“मुकुंदा.”

“तुहा दीर? मागच्या साली वारला तो?”

“तोच.”

“प्रेमिला, तू त्याचा आवाज तव्यावर टाकला?”

“मले आधी कोणी सांगतलंच नव्हतं. कुंडी झाल्यावर सासूनं सांगतलं.”

“जावई काय म्हणाले?”

“मनीप्लांट काढून बाजूले ठेवला, कुंडी धुतली. सकाळपासून कानाले लावून बसले हायेत.”