खुर्चीला अडकवलेला शर्ट

क्लबचे अध्यक्ष श्रीमान आन्सेल्मो, व्यासपीठावर विराजमान झालेले नगराध्यक्ष महोदय, आदरणीय पाद्रीबाबा, सत्कारमूर्तींच्या सौभाग्यवती दोन्या निल्दा, आणि भाजलेल्या फासळ्यांचा वास सुटल्यापासून ज्यांचं भाषणांकडे लक्ष उरलेलं नाही असे माझे समस्त बंधुभगिनी,

खुद्द सत्कारमूर्ती, आपले पोलीसप्रमुख, कमिसारिओ इलारिओ ओल्मेदो, या क्षणी व्यासपीठावर नाहीत. स्वतःच्या निरोपाच्या जेवणातही निखारे दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. त्या खिडकीतून दिसताहेत बघा. जानेवारीचा ऐन उन्हाळा, त्यात विस्तव, म्हणून शर्ट काढून इथे खुर्चीला अडकवून गेलेत. नगराध्यक्षांनी पाहिलं, पाद्रीबाबांनीही पाहिलं, कुणी नजर वळवली नाही. का वळवावी? उकडतंय माणसाला.

महिला समितीची प्रमुख म्हणून चार गौरवाचे शब्द बोलायला मला, देल्फा इतुराल्देला, उभं केलंय. मी गावच्या कार्निव्हलचे पोशाख शिवते आणि साहेबांच्या गणवेशाची बटणंही मीच लावते. पोटावरचं बटण दर उन्हाळ्यात जरा पुढे सरकवावं लागतं. त्यामुळे साहेबांच्या छातीचं माप या सभागृहात दोघींनाच ठाऊक, दोन्या निल्दांना आणि मला. यामिलाच्या छातीपेक्षा ते बरंच मोठं आहे. खोटं वाटत असेल तर टेप माझ्या पर्समध्ये आहे.

यामिला लेदेस्मा, माझ्या दुकानातली भागीदार. गेल्या शनिवारी तिच्या आजारी मैत्रिणीला इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात टाकलं. का, तर तीही आमच्यासारखीच, जन्माच्या दाखल्यावर मुलगा म्हणून लिहिलेली. यामिला तडक चौकात आली, ब्लाऊज काढला आणि बाकावर बसली. म्हणाली, "आम्ही बाया असू तर तिला बायकांच्या वॉर्डात न्या. बाप्ये असू, तर मी अशीच बसते. समोर आइस्क्रीम खात एवढे बाप्ये उघडे बसलेत, त्यांच्यात एक मी."

साहेब धावत आले. "यामिला, गावात पाहुणे आलेत. बाईनं असं बसायचं नसतं. कायदा आहे."

"बाईनं?"

"हो, बाईनं!"

"मग इस्पितळात जाऊन एवढंच सांगा की!"

चौक हसला आणि साहेबांचा पारा चढला. बाईची छाती उघडी टाकली म्हणून तिला धरलं. नेऊन ठेवलं कुठे? पुरुषांच्या कोठडीत. तिचं नवं ओळखपत्र अजून यायचंय ना! मंडळी, चौकातून ठाण्यात जाताना फक्त एक रस्ता ओलांडावा लागतो. तेवढ्यात बाईचा बाप्या झाला. पाद्रीबाबा, असा चमत्कार तुमच्याही पोथीत नसेल.

माणूस वाईट नाही हो. वादळात माझ्या घराचं छप्पर उडालं, तेव्हा भर पावसात ताडपत्री धरून हेच उभे होते. झाकायची त्यांना मुळातच हौस. पण काल मी डबा घेऊन गेले, तर यामिला गजाला धरून म्हणाली, "देल्फा, मी इथे आडवी होत नाही. भिंतीला पाठ लावून बसते." मला भीती वाटते. त्या कोठडीत तरुणपणी मीही राहिलेय आणि भिंतीला पाठ का लावायची ते मला सांगावं लागत नाही. मी साहेबांना विनवलं. ते म्हणाले, "आता कशाला, देल्फा? उद्या नवा माणूस येईल, तो बघेल." म्हणजे आजची रात्र तिनं पुन्हा तशीच काढायची?

असो. सत्काराचा प्रसंग आहे, कटू बोलू नये. आपल्या क्लबची रीत सगळ्यांना माहीत आहे. भाजणाऱ्यासाठी टाळ्या झाल्याशिवाय कुणी सुरीला हात लावत नाही, आणि टाळ्यांची हाक महिला समितीच्या प्रमुखानं द्यायची. तर ती हाक मी देणार आहे, अगदी मनापासून देणार आहे, पण यामिला या टेबलाशी येऊन बसल्यावर. नगराध्यक्ष महोदय, सुरी खाली ठेवा. फासळ्या करपल्या तर करपल्या.

आयोजकांचे, स्वयंपाकघरातल्या बायकांचे आणि भुकेल्या पोटी ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार मानते. माझ्या बोलण्यात काही उघडंवाघडं राहून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

या, साहेब, या. खिडकीतून सगळं ऐकलंत ना? आज संध्याकाळपर्यंत ठाणं तुमचंच आहे. किल्ली या शर्टाच्या खिशात आहे, ही घ्या. शर्ट राहू द्या हो, घालत बसू नका. चौक ओलांडून असेच जा. तुम्हाला कोण अडवतंय?