पालथा बिल्ला

(विरार पूर्व, फुलपाडा. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये रहिवाशांच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं आहे.)

आशालता : आणि हा पालथा कुणी घातला, चंद्रहासभाऊ?

चंद्रहास : मीच सांगितलं, मावशी. सेक्रेटरी आहे ना, मला सगळ्या बाजूंनी बघावं लागतं.

आशालता : बघा की. पण माझ्या आईचा बिल्ला तोंडावर का पाडलात? वर चिठ्ठी काय, तर 'इंग्रजांच्या काळातला बिल्ला'! संपदा, तू लिहिलंस हे?

संपदा : बाबांनी सांगितलं तसं लिहिलं, आजी. सॉरी.

चंद्रहास : अहो, त्यावर जंजिऱ्याच्या नबाबाची मोहोर आहे. ज्या किल्ल्यासाठी महाराजांनी जिवाचं रान केलं, त्याच्या धन्याची खूण आम्ही झेंडावंदनाच्या दिवशी मांडायची?

आशालता : आणि शेजारी राणीछाप रुपया मांडलात तो? झेंडा कुणाच्या तावडीतून सुटलो म्हणून लावताय?

संपदा : पॉइंट आहे, बाबा.

चंद्रहास : तू गप्प बस गं. रुपयाचं वेगळं. तो... तो कॉमन आहे.

आशालता : तुमच्या आजोबांचा आहे, म्हणून चालतो. सांगा ना सरळ.

चंद्रहास : मावशी, तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या. तुम्हाला हे कसं चालतं?

आशालता : देवघरातच असतो तो. आई गेल्यापासून रोज फूल वाहते. मुरूडला सरकारी सुईण होती ती. पावसाळ्यात खाडीतल्या होड्या बंद. पण पलीकडे कुणी बाई अडली आणि आईने हा बिल्ला दाखवला, की तांडेलाला होडी काढावीच लागायची. नबाबाचा हुकूम. मग अडलेली कोळीण असो, बामणीण असो, नाहीतर मुसलमानीण.

संपदा : एकट्या बाईसाठी होडी?

आशालता : एकट्या विधवेसाठी. आई एरवी समोर आली तर लोक मागे फिरायचे, तिच्यासाठी! इंग्रजांनी नाही हो दिला तो मान.

चंद्रहास : मला पटतं. पण कमिटीत गवगवा होईल. असं करू, पालथाच राहू दे, चिठ्ठीवर नुसतं 'जुना बिल्ला' लिहू.

आशालता : खोट्या चिठ्ठीमागे आईला नाही बसवायचं मला. द्या तो इकडे.

चंद्रहास : अहो, पाहुणे येतील आता! टेबलावर मधोमध रिकामी जागा दिसेल.

आशालता : रिकामी कशाला? संपदा, नवी चिठ्ठी घे. लिही, 'इथे सुईण यमुनाबाईंचा बिल्ला होता. मोहोर दिसता कामा नये म्हणाले, म्हणून काढला.'

संपदा : 'यमुनाबाईं'वर अनुस्वार ना, आजी? झालं लिहून.

चंद्रहास : अगं, लोक विचारतील ना!

आशालता : विचारू देत. मी इथेच बसलेय. आज शुक्रवारचा उपास, जेवायलाही उठायचं नाही.