यानाची बोली

शरदचंद्र : सोनटक्के? माझ्या घरात येऊन, माझ्या कपाटासमोर उभं राहून, तुम्ही दि. सोनटक्के म्हणालात?

संघपाल : तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं, शरदराव. ‘अगस्ती’ अंतराळकथांच्या मालिकेत सगळ्यात भारी कोण लिहायचं, असं तुम्हीच विचारलं ना?

शरदचंद्र : विचारलं, कारण कपाटातली पुस्तकं बघून तुमचा चेहरा खुलला. म्हटलं, मुलीचे होणारे सासरे अगस्तीचे वाचक निघाले, म्हणजे अर्धं काम झालं. आणि तुम्ही आठल्येंचं नाव घ्याल असं मी धरून चाललो होतो.

उमा : हे नेहमी धरूनच चालतात, भाऊ. चहा घ्या. आणि अहो, तुम्ही दारातल्या खुर्चीवर बसलात, म्हणजे तिथून गॅस दिसतो. दूध तापत ठेवलंय, लक्ष तुमचं.

शरदचंद्र : असू दे लक्ष. सर, हे कपाट बघा. पहिल्या पुस्तकापासून प्राध्यापक आठल्येंच्या शेवटच्या पुस्तकापर्यंत सगळं बांधून ठेवलेलं आहे.

संघपाल : तेच बघून राह्यलो. कपाट मधातच थांबलं की.

शरदचंद्र : मालिका तिथेच संपली.

संघपाल : मालिका त्याच्यानंतर चौदा वर्षं सोनटक्केनं चालवली. दर महिन्याला अंबडच्या स्टँडवर गठ्ठा यायचा.

शरदचंद्र : पुस्तकं छापली जात होती. मालिका संपली होती.

उमा : भाऊ, ज्योत्स्नाताईंना आणायचं होतं. निदान आम्ही दोघी दुसरं काही बोललो असतो.

संघपाल : ती येणारच होती, उमाताई. पण माय घरी एकली. ऐंशीच्या पुढं गेली आता. प्रितमचं जमलं की न्हाई ते कळायला फोन उशाशी घेऊन बसली असंल. कुठं गेली दोघं?

उमा : गच्चीवर. गंधाली म्हणाली, जातीवरून काही निघालं तर हाक मार, आम्ही खाली येतो. मी यांना आठवडाभर बजावत होते. हा विषय काढायचा नाही, तो काढायचा नाही. अंतराळयान माझ्या ध्यानातच आलं नाही.

संघपाल : आमच्याकडंबी तीच तयारी. ज्योत्स्ना म्हणली, ते काही बोलले तर घोटभर पाणी प्या अन् गप बसा.

शरदचंद्र : मी बोललो का काही?

संघपाल : बिलकुल न्हाई. तुम्ही सोनटक्केला बोलले.

शरदचंद्र : सोनटक्केंना मी बोलणारच. अहो, आठल्येंचं यान कधी कक्षा सोडून गेलं नाही. इंधन किती लागलं, वेग किती होता, सगळं मांडलेलं. पेन्सिल घेऊन ताळा करावा.

संघपाल : यान कक्षा सोडून गेलं न्हाई, बराबर. त्याच्यातली माणसंबी कधी जागा सोडून गेली न्हाईत. जिथं बसवली तिथं बसून भाषण करायची.

शरदचंद्र : भाषण? कप्तान वरुणचं ते संयत बोलणं...

संघपाल : कप्तान वरुण कधी जेवला का, शरदराव? आठवून सांगा. आठल्येंच्या यानाला स्वयंपाकघरच न्हाई.

उमा : खरंच? मग मला आधी सांगायचं. मी त्याच यानानं गेले असते.

शरदचंद्र : ते गोळ्या घ्यायचे. पोषणाच्या. आणि सोनटक्केंनी काय केलं? शनीजवळ जाऊन भाकऱ्या! गुरुत्वाकर्षण नसताना भाकरी थापली जात नाही, सर. तुम्ही शिक्षक होता.

संघपाल : लाटली असंल.

शरदचंद्र : लाटली असेल!

संघपाल : बरं, भाकरी सोडा. आठल्येंच्या यानात झाडू कोण मारायचं?

शरदचंद्र : झाडू?

संघपाल : झाडू. एवढी माणसं वर्षानुवर्षं एका यानात. कचरा होतच असंल.

शरदचंद्र : ते... ते स्वयंचलित होतं. असावं. आठल्येंनी लिहिलेलं नाही.

संघपाल : सोनटक्केनं लिहिलं. त्याच्या यानात पाळी लावलेली होती. कप्तान वरुणचीबी.

उमा : कप्तानाची पाळी कोणत्या वारी?

संघपाल : सोमवारी.

उमा : अहो, ऐकताय ना? सोमवारी.

शरदचंद्र : मी झाडूबद्दल बोलत नाहीये. मी भाषेबद्दल बोलतोय. यानावरचा संगणक, मेधा. आठल्येंची मेधा काय म्हणायची? ‘महोदय, प्राणवायू समाप्तीच्या मार्गावर आहे.’ काय वाक्य आहे! आणि सोनटक्केंच्या पहिल्याच पुस्तकात तीच मेधा म्हणते...

संघपाल : ‘साहेब, हवा सरून राह्यली. जल्दी खिडकी लावा.’

शरदचंद्र : खिडकी! अंतराळयानाची! लावा!

संघपाल : मंग काय उघडी ठेवायची?

शरदचंद्र : ‘सरून राह्यली’! मी ते पुस्तक तिथेच मिटलं. इतकं अशुद्ध बोलणारं यान मी घरात आणलं नाही.

संघपाल : ‘समाप्तीच्या मार्गावर आहे’ म्हणेपर्यंत निम्मी माणसं मेली असती.

शरदचंद्र : मेली असती तरी चाललं असतं! म्हणजे... सर, मी स्पष्ट बोलतो. हा साधा विषय नाही. ज्या घराला आठल्ये आणि सोनटक्के यांतला फरक कळत नाही, त्या घरात मुलगी...

उमा : वाक्य पूर्ण करा.

शरदचंद्र : विचार करावा लागेल.

उमा : आता गंधालीला हाक मारू का नको, हे मला कळेना.

संघपाल : नका मारू. मी उठतो. अंबडची गाडी भेटंल मला. फक्त एक सांगा, शरदराव. हे सोनटक्केवरून चाललंय का आमच्यावरून? सोनटक्केवरून असंल तर मी बसतो. आमच्यावरून असंल तर निघतो.

शरदचंद्र : सोनटक्केंवरून! शपथेवर सांगतो. तुमच्याबद्दल माझ्या मनात... उमा, सांग ना.

उमा : ते खरं बोलतात, भाऊ. याच सोनटक्केवरून यांनी माझ्या सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंय. तो तर आमच्याच गोतातला. दिवाळीला येतो, जेवतो, यांना नमस्कार करतो. हे म्हणतात, उमा, त्याला सांग सुखी राहा.

संघपाल : असं आहे होय?

उमा : असंच आहे. मुलगा चांगला, नोकरी चांगली, तुम्ही चांगले, हे यांनीच काल रात्री म्हटलं. त्या वेळी तुम्ही सोनटक्केवाले आहात हे माहीत नव्हतं.

संघपाल : मंग बसतो. पण एक ऐका. सोनटक्के अन् आम्ही याच्यात लई अंतर न्हाई.

शरदचंद्र : म्हणजे?

संघपाल : सहावीत होतो. गुरुजींनी विचारलं, काय करतोस रे? मी म्हणलो, गुरुजी, लिहून राह्यलो. त्यांनी मला पुढं बोलावलं. फळ्यापाशी उभं केलं. म्हणले, म्हण परत. मी म्हणलो. म्हणले, अजून एकदा. सगळा वर्ग हसून राह्यला. त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडायचं बंद केलं. हजेरीला नुस्ता हात वर करायचो.

उमा : अरे देवा.

संघपाल : अन् मंग एक दिवस स्टँडवर ते पुस्तक भेटलं. उभ्याउभ्याच वाचलं. मेधा म्हणली, हवा सरून राह्यली. मी थांबलो. म्हणलं, आता सगळे हसतील. पान पलटलं. कुणीच हसलं न्हाई, शरदराव. सगळे पळाले. कप्तान सुदिक पळाला. खिडकी लावली. सगळी माणसं वाचली. घरी गेलो अन् मायला म्हणलो, माय, तू यानात आहेस. ती म्हणली, तिकीट कोणी काढलं?

उमा : (हसत) बरोबरच विचारलं त्यांनी.

शरदचंद्र : हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.

संघपाल : तुम्ही आधी भाकरी काढली.

शरदचंद्र : सर, माझंही ऐका. आम्ही दोन खोल्यांत अकरा माणसं होतो. काका काकूवर ओरडायचे, काकू आईवर, आई आमच्यावर. दिवसभर कोणी ना कोणी कोणाला तरी काहीतरी उतरवून ठेवायला सांगत असे. आठल्येंच्या यानात आवाज नव्हता. तिथे ‘महोदय’ म्हणत. मला आयुष्यात पहिल्यांदा ‘महोदय’ म्हणालं ते त्या पुस्तकानं. जिन्याखाली बसून वाचायचो. ती शांतता मी कशी सोडू?

संघपाल : नका सोडू. कोण म्हणतं सोडा?

शरदचंद्र : म्हणजे आठल्ये श्रेष्ठ, हे मान्य?

संघपाल : न्हाई.

उमा : जवळ आलं होतं हो.

शरदचंद्र : तुमच्या गुरुजींनी केलं ते वाईटच. त्यांच्या बाजूनं मी एक शब्द बोलणार नाही. पण मुद्दा शास्त्राचा आहे. संगणक हे यंत्र आहे. यंत्र घाबरत नाही. ज्याला घाबरायचं नसतं तो शुद्ध बोलतो. किंबहुना मी तर म्हणेन, संकटाच्या क्षणी सुसंस्कृत मनुष्याच्या तोंडून आपोआप शुद्ध भाषाच येते. कारण ती त्याच्या अंगात मुरलेली असते. उदाहरणार्थ... उमा! उमा, अगं दूध! दूध उतू जाऊन राह्यलं! पळ ना जल्दी!

(उमा आत धावते. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज.)

उमा : वाचलं. साय तेवढी गेली.

संघपाल : मी काहीच बोललो न्हाई.

शरदचंद्र : बोलू नका.

संघपाल : मी चहा पिऊन राह्यलो.

शरदचंद्र : पाहतोय मी.

उमा : सासूबाई सांगायच्या, भाऊ. शाळेत जाईपर्यंत शरद असाच बोलायचा. ‘आई, मी पडून राह्यलो.’ मग हे जिन्याखाली बसायला लागले.

शरदचंद्र : उमा, पाहुण्यांसमोर हे सगळं सांगायची गरज आहे का?

उमा : पाहुणे कसले आता? आणि आठल्येंच्या मेधानं सांगितलं असतं, तर ओटा पुसत बसले असते मी.

शरदचंद्र : दूध ही अपवादात्मक परिस्थिती आहे.

संघपाल : हवाबी तशीच होती, शरदराव.

शरदचंद्र : ...सोमवारी म्हणालात?

संघपाल : काय सोमवारी?

शरदचंद्र : कप्तानाची पाळी.

संघपाल : सोमवारी. पुस्तक आहे घरी. पुढच्या वेळी आणतो. वाचा अन् वापस द्या.

शरदचंद्र : ठेवायला द्या. कपाटात वरचा कप्पा रिकामा आहे.

उमा : वरचा? तिथं तर तुम्ही मला हातही लावू देत नाही.

शरदचंद्र : वरचा. पण माझं मत बदललेलं नाही, हे लक्षात घ्या. पत्रिका मी लिहिणार. शुद्ध मराठीत. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ वगैरे.

संघपाल : लिहा. बोलवायला मी जातो. माणसं माझ्यामुळं येतील.

उमा : म्हणजे पत्रिका छापायची आहे तर?

शरदचंद्र : मी तसं म्हणालो का?

उमा : आत्ताच म्हणालात.

संघपाल : थांबा, फोन वाजून राह्यला. माय आहे. ...हां माय. हां. न्हाई, भांडण न्हाई झालं. म्हंजे झालं, पण ते दुसऱ्याच गोष्टीवरून. तू न्हाई का, यानात? त्याच्यावरून. न्हाई, ते चांगले आहेत. थोडे आठल्येवाले आहेत. हां. थांब, विचारतो. शरदराव, ती विचारती, काय सांगू म्हणून?

शरदचंद्र : द्या इकडं फोन.

संघपाल : तिला कमी ऐकू येतं. ‘महोदया’ म्हणले तर कळायचं न्हाई.

शरदचंद्र : द्या हो. ...हॅलो. नमस्कार, आजी. ऐकू येतंय का? जालन्याहून, आजी. गंधालीचा बाप बोलून राह्यलो.