सीत्स्के नर्स आहे, काळजी करू नकोस

नाही गं, कुणी मरत नाहीये. तू तर मुळीच नाही. हात दे इकडे, नाडी बघते नुसती – नव्वद. नव्वद म्हणजे काय, जिना चढलं की होते तेवढी. फेन्ना ना तू? तुझ्या मैत्रिणी पाणी आणायला गेल्यात, येतील एवढ्यात. त्यांनीच सांगितलं, बारा वाजता ट्रफलचं अख्खं पाकीट खाल्लंस म्हणून, तेही उपाशीपोटी. नशेच्या अळंबीच्या गाठी त्या, अक्रोडाएवढ्या दिसतात आणि माणसाला वाटतं, एवढ्याशाने काय होतंय – होतं ना, हे असं होतं. संध्याकाळपर्यंत उतरेल. बाहेर गाणी चालू दे, हा तंबू तुझा, ही खाट तुझी, आणि मी सीत्स्के. अठरा वर्षं नर्स आहे, आणि दर उन्हाळ्यात रजा टाकून या महोत्सवाच्या प्रथमोपचाराच्या तंबूत येऊन बसते.

काय म्हणालीस? – हो, ठाऊक आहे. काहीतरी येतंय. काय ते सांगता येत नाही, पण येतंय, आणि बाकीचे खुशाल नाचतायत. बरोबर? गेल्या वर्षी एक सुतार आला होता, हा एवढा धिप्पाड गडी, तो या खाटेखाली शिरला – म्हणे समुद्र बांध फोडून येतोय, सगळे वर चढा. दोन तासांनी बाहेर आला, चीज घातलेले दोन पाव खाल्ले, माझी माफी मागितली आणि गेला. येत नाही गं ते कधी. डोक्यातली घंटा वाजत राहते, आग कुठेच नसते. – ओठ बघू? जीभ काढ बाहेर. मानेला, तळहातांना खाज वगैरे? नाही ना. छान.

का म्हणजे? असंच. सगळ्यांना विचारते मी. – आता अशी बघू नकोस माझ्याकडे. बरं, सांगते. पण शेवट चांगला आहे हे आधी ऐकून ठेव.

माझा भाऊ, यूरे. चार वर्षांनी धाकटा, हार्लिंगनला बेकरीत असतो. चौदा वर्षं झाली – आई त्या मार्चमध्ये गेली आणि तेव्हापासून हा गप्प. पाव भाजायचा, घरी यायचा, झोपायचा. ऑगस्टात मी त्याला तेर्सखेलिंग बेटावर घेऊन गेले. ट्रफलची कल्पना माझी. त्याने कधी सिगारेटसुद्धा ओढली नव्हती. मी म्हटलं, मोकळा होशील, मी आहे ना शेजारी, मी नर्स आहे. वाळूच्या टेकड्यांमध्ये चादर अंथरली, लख्ख ऊन, त्याने खाल्लं, मी नाही. तासाभराने बोलायला लागला, आईबद्दल, तिच्या हातांबद्दल, रडला – मला वाटलं, जमलं. मग एकदम मानेवर हात मारला त्याने. गांधीलमाशी. मी म्हटलं, सफरचंदाच्या रसावर येतात त्या, झाकण लाव. एवढंच म्हटलं. पाचेक मिनिटं गेली असतील, म्हणाला, ‘सीत्स्के, काहीतरी भयंकर होणार आहे.’ तुझ्यासारखंच. मी म्हटलं, ते ट्रफल बोलतंय, श्वास घे. म्हणाला, ‘कुणाला तरी बोलाव.’ मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, जाईल हे सगळं – किती मऊ आवाजात म्हणाले असेन. आत्ता तुझ्याशी बोलतेय ना, त्याच आवाजात.

गांधीलमाशीचं विष काहींना सोसत नाही. अंगावर पित्त उठतं, घसा सुजतो, आणि कधीकधी त्याच्याही आधी माणसाला वाटायला लागतं, आता आपलं काही खरं नाही. पुस्तकात आहे. मी त्यावर परीक्षा दिली होती, पास झाले होते.

एक जर्मन बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थांबली. म्हणाली, हा बरा आहे ना, याचे ओठ सुजलेत. आणि मी – नको, जाऊ दे. – नाही, आता सांगतेच. मी हसले. म्हटलं, मी नर्स आहे, याने जरा काहीतरी खाल्लंय, काळजी करू नका, तुम्ही जा. यूरे तिच्याकडे हात करत होता आणि मी तो हात धरून खाली घेतला. हा असा. मी त्याला बघत होते असं तुला वाटेल, पण नव्हते बघत, मला जे ठाऊक होतं तेच बघत होते. बाई गेली. टेकडीच्या पलीकडे जाऊन तिने फोन लावला – माझं ऐकलं नाही, हे नशीब. बेटावरचे डॉक्टर आले, मांडीत सुई टोचली. तोवर तो शिट्टीसारखा श्वास घेत होता, आणि मी म्हणत होते, सावकाश घे, सावकाश.

वाचला. म्हटलं ना, शेवट चांगला आहे. लग्न झालं, दोन मुली आहेत, माझ्या वाढदिवसाला केक पाठवतो, स्वतःच्या हातचा. त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर नाही काढलं. चिडलाही नाही. फक्त – गेल्या हिवाळ्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं, पित्ताशय काढावं लागलं, चार दिवस होता दवाखान्यात. मी त्याच दवाखान्यात काम करते, एक मजला वर. मला आठवड्याने कळलं, त्याच्या बायकोकडून. म्हणाली, मी विचारलं होतं सीत्स्केला बोलावू का म्हणून, तर म्हणाला, ‘तिला नको.’ एवढंच. तिला वाटलं, मला त्रास नको म्हणून म्हणाला असेल. मीही म्हटलं, हो, तसाच आहे तो.

– काय बोलतेय मी तुझ्यापाशी. घाबरलेल्या पोरीला कुणी असलं सांगतं का. नाही, रडू नकोस, म्हणजे रड, रडलीस तरी चालेल. अजून वाटतंय तसं? – छातीत? नक्की कुठे? – नाही, ते ट्रफलचंच असणार, त्यात छातीत धडधडतंच, त्यात काही – थांब. थांब जरा.

डॉक्टर, आत येता? ही फेन्ना. मला तर ट्रफलच दिसतंय, दुसरं काही नाही. तरी तुम्ही बघा. – सांग त्यांना, पोरी, सगळं सांग, मला सांगितलंस ते आणि नाही सांगितलंस तेही. नाही, मी थांबत नाही. मी बाहेर जाते.